सर फ्रेडरिक बँटिंग यांचे अल्पचरित्र

नोव्हेंबर महिन्याची १४ तारीख आपल्या शाळांतून बालदिन म्हणून पाळली जाते, हे आमच्या बालवाचकांस सांगावयास नकोच. पंडित जवाहरलाल नेहरू यांचा जन्म १८८९ साली याच तारखेस झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९१ साली, त्याच तारखेस सातासमुद्रांपलीकडे कॅनडा देशात एका शेतकऱ्याच्या घरी आणखी एक बालक जन्मास आले. पुढे त्याच्या हातून जे कार्य घडले त्यामुळे जगातील लक्षावधी मुलांचे प्राण वाचले. परंतु ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. त्या बालकाचे नाव फ्रेडरिक ग्रँट बँटिंग. जागतिक मधुमेह दिन १४ नोव्हेंबरलाच पाळतात, त्याचे कारण हेच होय. या थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. आणि ते सांगता सांगता, ज्या द्रव्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले ते इन्सुलिन आपल्या शरीरात कसे उत्पन्न होते व प्रयोगशाळेत कसे तयार करितात, हेही सुलभ रीतीने समजावून देऊ.

मधुमेह हा शब्द आपल्या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतला आहे. या रोग्याचे मूत्र गोड असते व त्याकडे मुंग्या धावतात, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ताडले होते. आमच्या पुसेगावासारख्या गावीही आज हा रोग शुगर या नावाने आबालवृद्धांच्या तोंडी आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी या रोगाचे नाव ऐकताच अंगावर काटा येई. लोकमान्य टिळकांस हा विकार होता व मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ या काळात त्यांस खाण्यापिण्याचे कडक पथ्य सांभाळून दिवस काढावे लागले. प्रौढ माणसे अशा पथ्याने काही वर्षे तग धरीत; पण लहान मुलांस जो मधुमेह होतो त्यापुढे पथ्याचाही फारसा इलाज चालत नसे. मूल घटाघटा पाणी पिई, वारंवार लघवीस जाई, भरपूर खाऊनही वाळत जाई, आणि काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत, बेशुद्ध होऊन मरण पावे. मोठमोठ्या डॉक्टरांपाशी एकच उपाय असे, तो म्हणजे मुलाला उपाशी ठेवणे. त्याने मरण थोडे लांबे, एवढेच. आईबापांनी आपल्या डोळ्यांदेखत मूल उपासाने झिजताना पाहावे, याहून दारुण प्रसंग कोणता?

हे असे का होत असे, हे समजण्यासाठी शरीराच्या रचनेकडे थोडे वळले पाहिजे. आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आडवी पसरलेली आहे. तिचे काम दुहेरी आहे. एक पाचकरस तयार करून तो नळीवाटे आतड्यात सोडणे, हे पहिले. दुसरे काम तिच्यात विखुरलेल्या पेशींचे लहान लहान पुंजके करितात. १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने हे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले. समुद्रातील बेटांप्रमाणे ते दिसतात, म्हणून त्यांस लँगरहान्सची द्वीपे असे नाव पडले. १८८९ साली मेरिंग व मिंकोव्हस्की या दोघा शास्त्रज्ञांनी स्ट्रासबर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकिले, तो त्यास मधुमेह जडला. तेव्हा रोगाचे मूळ याच ग्रंथीत आहे, एवढे सिद्ध झाले. द्वीपांतून काही तरी द्रव्य रक्तात उतरत असावे व त्याच्या अभावी रोग होत असावा, असा तर्क विद्वानांनी बांधिला. द्वीप या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्या न पाहिलेल्या द्रव्याचे नावही ठरून गेले. परंतु ते द्रव्य वेगळे काढून रोग्यास देणे कोणास साधेना. ग्रंथी वाटून तिचा रस काढावा, तर तिच्यातील पाचकरसच त्या नाजूक द्रव्याचा नाश करी.

असो. आता आपल्या चरित्रनायकाकडे वळू. बँटिंग यांचा जन्म ओंटारिओ प्रांतात अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत ते धाकटे. घरी शेतीची कामे करीत ते वाढले. अंगाने धिप्पाड, स्वभावाने लाजाळू व अभ्यासात बेताचे, असे ते होते. त्यांनी मेथडिस्ट मंडळीचे पाळक व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. १९१० साली ते टोरांटो येथील व्हिक्टोरिया कॉलेजात दाखल झाले. पण त्यांचे मन तेथे रमेना व परीक्षेतही यश येईना. १९१२ साली त्यांनी वैद्यकाचा अभ्यास धरिला. धर्मोपदेशकाचा मार्ग त्यांनी सोडिला खरा; तथापि दीनदुबळ्यांची सेवा करण्याचा मार्ग सोडिला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्यास डॉक्टर हवे होते म्हणून त्यांच्या वर्गाचा अभ्यासक्रम आटोपता घेण्यात आला व १९१६ च्या अखेरीस पदवी मिळताच ते सैन्याच्या वैद्यकीय पथकात रुजू झाले. १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील कांब्रे येथील रणभूमीवर तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. स्वतः जखमी असताही इतर जखमींची शुश्रूषा त्यांनी कित्येक तास सोडिली नाही. या शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर त्यांनी टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात काही काळ शस्त्रक्रियेचे काम केले आणि १९२० च्या जुलैत ओंटारिओतीलच लंडन नावाच्या शहरी स्वतःचा दवाखाना थाटिला. परंतु रोगी फिरकेनात. पहिल्या महिन्याची सारी मिळकत अवघी ४ डॉलर! पोटासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय शाळेत शिकविण्याचे काम पत्करिले. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबरच्या रात्री ते स्वादुपिंडावरील पाठाची तयारी करीत होते. निजण्यापूर्वी त्यांनी एका वैद्यकीय मासिकातील मोझेस बॅरन यांचा लेख वाचिला. खड्याने स्वादुपिंडाची नळी बुजली म्हणजे पाचकरस करणाऱ्या पेशी झडून जातात, पण द्वीपे मात्र शाबूत राहतात, असे त्यात वर्णिले होते. झोप येईना. रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या मनात एक कल्पना चमकली व ती त्यांनी उठून वहीत टिपून ठेविली. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी, पाचकरसाच्या पेशी मरू द्याव्या, व मग उरलेल्या द्वीपांतून ते द्रव्य काढावे, अशी ती कल्पना होती. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस झाले. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरच्या पहाटे, एका अनोळखी, गिऱ्हाईक नसलेल्या डॉक्टराने ही टिपणी केली, हे आपण महाराष्ट्रीयांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कल्पना सुचणे निराळे व ती तडीस नेणे निराळे. टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लाउड हे या विषयातील नामांकित पंडित. बँटिंग त्यांस भेटले. प्राध्यापकांस या तरुणाचे ज्ञान तोकडे वाटले, आणि ते तोकडे होतेही. तरी त्यांनी त्यास अगदीच विन्मुख पाठविले नाही. एक लहानशी खोली, दहा कुत्री व मदतीस एक विद्यार्थी, एवढी सामग्री त्यांनी देऊ केली. चार्ल्स बेस्ट व क्लार्क नोबल अशा दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी काम करावे हे नाणे उडवून ठरले. कौल बेस्ट यांच्याकडे लागला. १७ मे १९२१ रोजी कामास आरंभ झाला. बँटिंग यांस वेतन नव्हते. उन्हाळा कडक, खोली माळ्यावरची, आणि शस्त्रक्रिया नाजूक. आरंभी पुष्कळ कुत्री दगावली. खर्चासाठी बँटिंग यांनी आपली मोटार विकिली, पण काम सोडिले नाही. अखेर ३० जुलै रोजी, नळी बांधलेल्या कुत्र्याचे वाळलेले स्वादुपिंड मिठाच्या थंड पाण्यात कुटून, गाळून, तो अर्क त्यांनी मधुमेही कुत्र्यास टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर बरीच उतरली. मार्जरी नावाची एक कुत्री तर या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. त्या मुक्या प्राण्यांचे आपल्यावर किती मोठे ऋण आहे, हे मधुमेही मुलाच्या आईस विचारावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बँटिंग यांच्या मूळ कल्पनेतील नळी बांधण्याचा खटाटोप पुढे अनावश्यकच ठरला. हिवाळ्यात त्यांस आढळून आले की, कसाईखान्यातून आणिलेल्या गुरांचे साधे स्वादुपिंड मद्यार्कात कालविले तरी ते द्रव्य हाती लागते, कारण मद्यार्कात पाचकरसाचे बळ चालत नाही. म्हणजे ज्या वाटेने ते निघाले ती वाट आडवळणाची होती. पण निघाले म्हणून मुक्कामास पोहोचले.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास हा अर्क टोचण्यात आला. मुलगा हाडांचा सापळा झाला होता. परंतु अर्क अशुद्ध होता. गुण थोडा आला आणि सुई टोचलेल्या जागी गळू मात्र झाले. तेव्हा प्रयोग थांबवावा लागला. याच सुमारास जेम्स कॉलिप नावाचे निष्णात रसायनशास्त्रज्ञ या मंडळीत सामील झाले होते. मद्यार्काचे प्रमाण हळूहळू वाढवीत नेले असता प्रथम मळ खाली बसतो व पुढे एका ठरावीक प्रमाणास ते मोलाचे द्रव्य स्वतःच खाली बसते, हे त्यांनी शोधून काढिले. त्यांचा शुद्ध अर्क २३ जानेवारी रोजी लेनर्डला टोचला. एका दिवसात त्याच्या रक्तातील साखरेचे मान ५२० वरून १२० वर आले. मुलगा उठून बसला. पुढे तो १९३५ पर्यंत जगला. त्याच वर्षी ऑगस्टात एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या बँटिंग यांच्या उपचाराखाली आली. उपासाने ती काडीसारखी झाली होती. इन्सुलिनवर ती वाढली, तिने संसार केला आणि १९८१ पर्यंत आयुष्य उपभोगिले.

एवढ्या उज्ज्वल कार्यासही मानवी स्वभावाचा डाग लागल्यावाचून राहिला नाही. श्रेय कोणाचे, यावरून या चौघांत वितुष्ट आले. बँटिंग संशयी व तापट होते. कॉलिप यांच्याशी त्यांचा कडाक्याचा कलह झाला आणि मॅक्लाउड आपले श्रेय हिरावून घेतात, असा ग्रह त्यांनी करून घेतला. १९२३ साली नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड या दोघांस मिळाले, तेव्हा बेस्ट यांस वगळिले म्हणून बँटिंग संतापले व आपल्या वाट्याची अर्धी रक्कम त्यांनी बेस्ट यांस दिली. मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांस दिली. तिकडे रुमानिया देशात निकोलाय पाउलेस्कू यांनी असाच अर्क कुत्र्यांवर वापरून १९२१ मध्येच आपले निबंध प्रसिद्ध केले होते. त्यांच्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांचे दोष झाकून ठेवू नयेत, असे आमचे मत आहे. दोष असूनही माणसाच्या हातून सत्कार्य घडते, हा धडा तरुणांस अधिक उपयोगी आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र या मंडळींचे वर्तन निष्कलंक होते. मनात आणिते तर या शोधावर ते कुबेर झाले असते. परंतु बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी पेटंटचे सारे हक्क प्रत्येकी एका डॉलरास टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध सर्वांस मिळावे व कोणा एकाची त्यावर मक्तेदारी होऊ नये, हा त्यांचा हेतू होता.

आता इन्सुलिन शरीरात कसे तयार होते ते पाहू. आपण ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे तिच्यातील पिष्टाची पोटात साखर होते व ती रक्तात उतरते. द्वीपांतील बीटा नावाच्या पेशींस साखर वाढल्याची वर्दी लागते. या पेशी अमायनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवून प्रथम एक लांब माळ तयार करितात. ती माळ घडी पडून गुंतते. मग तिचा मधला तुकडा कापला जातो, आणि २१ व ३० मण्यांच्या दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या राहतात. या ५१ मण्यांच्या जोडीस इन्सुलिन म्हणतात. ते पेशीत साठवून ठेविलेले असते व गरज पडताच रक्तात सोडिले जाते. मग जणू किल्लीने कुलूप उघडावे त्याप्रमाणे स्नायूंची व चरबीची दारे साखरेस उघडी होतात, आणि उरलेली साखर यकृत आपल्या कोठारात ठेविते. किल्ली नसेल तर धान्याने भरलेल्या पेवाशेजारी बसून उपाशी मरावे, तशी शरीराची गत होते. मुलांच्या मधुमेहात बीटा पेशींचाच नाश होतो. प्रौढांच्या मधुमेहात बहुधा इन्सुलिन असते, पण ते अपुरे पडते किंवा कुलूपच दाद देत नाही. इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे ते तोंडाने घेतल्यास अन्नाप्रमाणे पचून जाते, म्हणून बहुधा सुईने द्यावे लागते.

प्रयोगशाळेतील इन्सुलिनची कथाही अशीच मनोरंजक आहे. १९२२ पासून पुष्कळ वर्षे ते गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसाहून एका मण्याचा व गाईबैलांच्या इन्सुलिनमध्ये तीन मण्यांचा फरक असतो, तरी ते माणसास चालते. पण थोड्या औषधासाठी ग्रंथींच्या राशी लागत. इंग्लंडातील फ्रेडरिक सँगर यांनी या मण्यांचा अनुक्रम उलगडिला व त्याबद्दल त्यांस १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ साली इन्सुलिनच्या स्फटिकाची घडण दाखवून दिली. पुढे १९७८ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिन करण्याची आज्ञा ज्यात लिहिलेली असते ते जनुक कृत्रिम रीतीने बनवून एका सूक्ष्म जंतूत बसविले, आणि तो जंतू मानवी इन्सुलिन तयार करू लागला. १९८२ साली अमेरिकेत त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. आता मोठमोठ्या टाक्यांत असे जंतू किंवा यीस्ट वाढवितात व त्यांनी केलेले इन्सुलिन गाळून शुद्ध करितात. आमच्या मराठवाड्यास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेस कारखाना असलेल्या वोक्हार्ट कंपनीने यीस्टपासून केलेले मानवी इन्सुलिन २००३ साली बाजारात आणिले. टोरांटोच्या माळ्यावर निघालेला झरा अशा रीतीने गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचला.

बँटिंग यांचे उत्तरायुष्य कीर्तीचे होते, पण सुखाचे फारसे नव्हते. कॅनडाच्या पार्लमेंटाने त्यांस वर्षासन दिले, १९३४ साली सर ही पदवी मिळाली, त्यांच्या नावे संशोधनसंस्था निघाली. लोकांची गर्दी त्यांस आवडत नसे. ए. वाय. जॅक्सन या चित्रकार मित्राबरोबर रानावनांत जाऊन बर्फाची व गावांची चित्रे रंगविण्यात त्यांचे मन रमे. १९२७ साली तर ते उत्तर ध्रुवाच्या प्रदेशापर्यंत गेले. दुसरे महायुद्ध सुरू होताच पन्नाशीस आलेला हा पुरुष पुन्हा देशसेवेस उभा राहिला व वैमानिकांच्या आरोग्याविषयी संशोधन करू लागला. त्याच कामासाठी इंग्लंडास जाण्यास निघाले असता त्यांचे विमान न्यूफाउंडलँडमध्ये कोसळले, आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, हे चरित्र वाचून नुसते धन्य म्हणून पान उलटू नका. इन्सुलिनने मधुमेह समूळ जात नाही. ते रोज घ्यावे लागते, आणि ते थांबविले तर लेनर्डपूर्वीच्या मुलांची जी गती झाली तीच होते. असे असता आमच्या खेड्यांत अद्यापि समज आहे की, सुई एकदा लागली म्हणजे ती सवय होते, किंवा सुई हे शेवटच्या घटकेचे औषध होय. या समजुतीपायी कोणी सुई टाकून झाडपाल्याच्या नादी लागतो, तर कोणी मुलीस हा रोग आहे हे लग्नाच्या भीतीने लपवून ठेवितो. आपला एखादा वर्गबंधू सारखा पाणी पीत असेल, वारंवार लघवीची परवानगी मागत असेल व दिवसेंदिवस रोडावत असेल, तर त्यास हसू नका. गुरुजींस सांगा व त्याच्या आईवडिलांस त्याच दिवशी रक्त तपासण्याची विनंती करा. अशा मुलाच्या बाबतीत एका आठवड्याचा विलंबही घातक होऊ शकतो. इन्सुलिन उन्हाने नासते. ज्या घरी फ्रीज नाही तेथे ओल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवून ती थंड राखता येते, ही युक्तीही आपण चार घरी सांगू शकतो.

ज्यांनी हे औषध शोधिले त्यांनी त्याचे मोल एक डॉलर घेतले. पण गरिबाच्या घरी ते पोहोचविण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. जगात आजही कित्येक मुले, औषध अस्तित्वात असता, पैशाअभावी किंवा अज्ञानामुळे मरतात. तेव्हा येत्या १४ नोव्हेंबरला बालदिनाची गाणी झाल्यावर, शेतकऱ्याच्या त्या लाजाळू मुलाचीही आठवण करा, आणि आपल्या गावी असे एकही मूल उपेक्षेने दगावणार नाही असा निश्चय करा. आमच्या मते बँटिंग यांचे खरे स्मारक तेच होय.